सुईणीचं नाव काय होतं? जामखेडच्या सरूबाई, मुक्ताबाई आणि आपल्या गावची दाई

उदगीरहून बोलतोय. आजचा विषय बाळंतपणाचा आहे. पोरांनो, 'हे बायकांचं काम' म्हणून लगेच पुढचा एपिसोड लावू नका. दहा मिनिटं ऐका. उद्या तुमच्याच घरात कामाला येईल.

आपण भाषणात सारखं म्हणतो, 'या मातीशी माझी नाळ जुळलेली आहे.' बरं, जुळलेली आहे. पण तुमच्या आजीची, आजोबांची नाळ कापली कुणी? बऱ्याच जणांच्या बाबतीत उत्तर एकच: गावातल्या एका बाईनं. कुणी तिला सुईण म्हणायचं, कुणी दाई. मध्यरात्री कुणी दार वाजवलं की कंदील घेऊन ती निघायची. बदल्यात पायलीभर ज्वारी, एखादं जुनं लुगडं. आज घरी विचारून बघा, त्या बाईचं नाव काय होतं? बहुतेक घरांत 'ती दाई होती' एवढंच उत्तर येईल.

नाव का राहिलं नाही, तेही सांगतो. बाळंतपणातलं रक्त, वार, मळ, सगळा विटाळ मानायचे. म्हणून हे काम बऱ्याच गावांत दलित वस्तीतल्या बाईकडं. बाळाला जगात घेणारा पहिला हात तिचा. आणि चार दिवसांनी त्याच घरातल्या माठाला तिचा हात लागला, तर माठ बाटला! आपला समाज असा होता. काही ठिकाणी अजून आहे.

आता दुसरी बाजू. 'जुनं ते सोनं' म्हणत बसू नका. त्या काळी नाळ विळ्यानं कापायचे, कुठं वर शेण लावायचे. मग बाळाला धनुर्वात व्हायचा. पहिलं दूध, म्हणजे चीक, वाईट समजून पिळून टाकायचे. बाळ मोठं झालं तर अडेल म्हणून गरोदर बाईला अर्धपोटी ठेवायचे. दाईला कुणी शिकवलंच नव्हतं, तिचा काय दोष? जामखेड परिसरात १९७१ च्या सुमाराला जन्मणाऱ्या दर हजार बाळांमागं १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. म्हणजे सहातलं एक.

हे जामखेड कुठं? बीडच्या शिवेला लागून, अहिल्यानगर जिल्ह्यात. आपल्यासारखाच दुष्काळी मुलूख. तिथं १९७० साली एक डॉक्टर जोडपं आलं, डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले, पुढं अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून आलेले. मुंबई-पुण्यात दवाखाना टाकला असता तर पैशाला तोटा नव्हता.

आधी त्यांनी शिकलेल्या नर्स गावोगाव पाठवल्या. जमलं नाही. बाहेरून आलेली एकटी पोरगी, राहायला धड जागा नाही, गावाचा विश्वास नाही. मग विचार पुढं आला की गावातलीच बाई का नको? तिला गावातली प्रत्येक सून माहीत, प्रत्येक सासू माहीत. पण त्यातल्या बऱ्याच जणींना अक्षरओळख नव्हती आणि बऱ्याच दलित होत्या. गाव म्हणालं, ही काय डॉक्टरकी करणार?

आरोळ्यांनी दम धरला. दर आठवड्याला या बाया जामखेडला यायच्या. एकत्र राहायचं, एकत्र जेवायचं. मराठ्याची, धनगराची, मांगाची बाई एका पंगतीत. वही-पेन चालत नव्हतं, म्हणून गाणी, चित्रं आणि पाठांतर. पोटावर हात ठेवून बाळाचं डोकं वर आहे की खाली ते ओळखायचं. रक्तदाब बघायचा. निर्जंतुक ब्लेड, स्वच्छ दोरा, स्वच्छ कापड वापरायचं. आणि सगळ्यात मोठा धडा म्हणजे कुठलं बाळंतपण आपल्या हातात घ्यायचं नाही, कुणाला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात धाडायचं. मंडळी, खरी विद्या ती आहे. आपल्याला काय येत नाही हे ज्याला कळतं, तो जीव वाचवतो.

या बायांपैकी एक सरूबाई साळवे. गाव जवळके. ऐंशीच्या दशकात काम सुरू केलं. दलित घरातली बाई. त्या काळी अशा बाईनं वरच्या आळीतून पायात चप्पल घालून जायचं नाही, अशी रीत होती. पुढं त्याच आळीतल्या सुना कळा सुरू झाल्या की सरूबाईंना बोलावणं धाडायला लागल्या. त्यांच्या हातून साडेपाचशेच्या आसपास बाळंतपणं झाली. डिसेंबर २००८ मध्ये 'नॅशनल जिओग्राफिक'नं जामखेडच्या या बायांवर मोठा लेख छापला, त्यात सरूबाई आहेत. एमबीबीएस नाही, पाटी नाही, आणि जगातल्या नावाजलेल्या मासिकात नाव. रील व्हायरल झाली म्हणून नाही बरं का, वीसेक वर्षं घरोघरी फिरल्या म्हणून.

दुसऱ्या मुक्ताबाई पोळ. १९८८ साली त्या वॉशिंग्टनला गेल्या. आरोग्यातली मोठमोठी माणसं जमलेली परिषद. मुक्ताबाई मराठीत बोलल्या. सभागृहातल्या झुंबरांकडं बोट दाखवून त्यांनी सांगितलं ते साधारण असं, की हे झुंबर म्हणजे तुमचे मोठे डॉक्टर आणि मोठे दवाखाने. सुंदर आहे, पण महाग आणि लांब. मी म्हणजे मातीची पणती. पणतीला खर्च कमी, आणि एका पणतीवरून दुसरी पणती पेटवता येते, झुंबरावरून झुंबर पेटत नाही. म्हणतात की ऐकणारी माणसं उठून उभी राहिली.

आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याआधी १९७५ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात जामखेडचा प्रयोग छापून आला होता. पणत्या इतरही पेटल्या. आपल्या जवळ तुळजापूर तालुक्यात अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारींनी गावातल्या बायकांना 'भारतवैद्य' म्हणून तयार केलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या आरोग्यदूत बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. तिथं नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले आणि १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आज तुमच्या गल्लीत बाळाचं वजन करायला येणारी आशाताई याच परंपरेतली. आशा योजना २००५ ची. तिला 'ए आशा' म्हणून हाक मारणाऱ्यांनी जरा विचार करावा.

आता आजचं. २००५-०६ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातली ३९ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१९-२१ मध्ये ८९ टक्के. देशात लाखामागं माता मृत्यूचं प्रमाण २००१-०३ ला ३०१ होतं, ते २०१८-२० ला ९७ वर आलं. महाराष्ट्रात ३३. हे फार मोठं काम आहे. कुणी म्हणालं 'घरीच होऊ द्या, पूर्वी होत नव्हतं का', तर त्याला हे आकडे दाखवा.

पण दुसराही आकडा बघा. देशातलं सिझेरियनचं प्रमाण ८.५ टक्क्यांवरून २१.५ टक्क्यांवर गेलं. खासगी दवाखान्यात ४७ टक्के. म्हणजे जवळजवळ दर दुसरी बाई. सिझर जीव वाचवतं, गरज असेल तेव्हा झालंच पाहिजे, त्याला घाबरू नका. पण निम्म्या बायकांना खरंच गरज असते का? जागतिक आरोग्य संघटना म्हणते, प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेल्यानं माता-बाळांचे मृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत. मग बाकीचं कशानं वाढतं? एक कारण असं की बाळंतपणाला वेळ लागतो. बारा-चौदा तास बाईच्या उशाशी बसायला कुणी तरी लागतं, आणि आपल्या गर्दीच्या दवाखान्यांत तेवढं माणूसबळच नाही.

इथं ब्रिटनचं उदाहरण घेऊ. इंग्लंडमध्ये १९०२ साली सुईणींचा कायदा झाला. शिक्षण, परीक्षा, नोंदणी. आजही तिथं सरळ बाळंतपण सुईणच करते, अडलं की डॉक्टर येतो. सुईण हा तिथं मानाचा पेशा आहे. तिकडं सुईण शिकून पुढं गेली, आपल्याकडं तिला मागं सारलं. २०१८ मध्ये आपल्या केंद्र सरकारनंही नर्सना १८ महिन्यांचं खास प्रशिक्षण देऊन 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरी' तयार करायचं धोरण आणलं. नर्सिंग करणाऱ्या आपल्या लातूर-नांदेडच्या पोरींनो, हा रस्ता बघून ठेवा.

शेवटी कामाचं, फोनमध्ये लिहून घ्या. गरोदरपणात रक्त जाणं, डोकं फार दुखून डोळ्यापुढं अंधारी येणं, तोंडावर सूज, झटके, जोराचा ताप, बाळाची हालचाल कमी होणं, कळांआधीच पाणी जाणं, यातलं एकही दिसलं तर 'सकाळी बघू' म्हणायचं नाही. १०२ किंवा १०८ लावा. बाळंतीण दगावते ती तीन उशिरांनी: घरात ठरवायला उशीर, दवाखान्यात पोचायला उशीर, तिथं उपचार मिळायला उशीर. दुसरा-तिसरा उशीर रस्त्याच्या आणि सरकारच्या हातात असेल, पहिला तुमच्या हातात आहे. आठव्या महिन्यातच ठरवा: कुठं जायचं, गाडी कुणाची, रक्त द्यायला कोण. आणि सरकारी दवाखान्यात कळांच्या वेळी बाईजवळ घरातली एक बाई थांबू शकते, केंद्राच्या २०१६ च्या सूचना आहेत. नम्रपणे मागा, पण मागा.

आणि एक गृहपाठ. या रविवारी आजीजवळ बसा, फोन बाजूला ठेवा आणि विचारा, 'आजी, तुझी बाळंतपणं कुणी केली?' नाव मिळालं तर आम्हाला व्हॉइस नोट पाठवा, गावाच्या नावासकट. ती बाई हयात असेल तर तिच्या घरी जा, पाया पडा आणि तिच्या हातचं पाणी प्या.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, घरच्यांची घ्या. राम राम, जय भीम, सलाम!