मुलगी पाळक व्हायचं म्हणाली तेव्हा

 आम्ही नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, एका खेड्यातल्या ख्रिस्ती महिला मंडळाच्या बाया. अकरा जणी आहोत. बऱ्याच जणी मजुरीला जातात, दोघी अंगणवाडीत आहेत, एकीची पिठाची गिरणी आहे. मागच्या वेळी आम्ही बचतीच्या हिशोबावर बोललो होतो. आज एका मुलीबद्दल बोलायचं आहे. आणि खरं सांगायचं तर आमच्या हातून झालेल्या एका चुकीबद्दलही.

ऐकणाऱ्यांत सगळ्या जातीधर्माच्या बाया आहेत, म्हणून आधी थोडं सांगतो. आमच्यात चर्च चालवणाऱ्याला पाळक म्हणतात. मेंढरं पाळणारा, तसा माणसं सांभाळणारा. रविवारची उपासना, बाळाचा बाप्तिस्मा, लग्न, माती, आजाऱ्याच्या उशाशी प्रार्थना, ही सगळी कामं पाळकाची. त्यात एक मोठं काम म्हणजे प्रभुभोजन. येशूनं शिष्यांबरोबर शेवटचं जेवण केलं, त्याची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस देतात. आमच्या मंडळीत ते देण्याचा अधिकार दीक्षा झालेल्या पाळकालाच असतो. भजन कुणीही म्हणावं, प्रार्थना कुणीही करावी, पण भाकर मोडायला पाळक लागतो.

आणि आमच्या गावाला राहता पाळक नाही. एकाच पाळकसाहेबांकडं आठ गावं आहेत. मोटरसायकलवर फिरतात बिचारे. आमच्याकडं महिन्यातून एकदा येतात. बाकीचे रविवार आम्हीच पेटी-तबला काढतो, ‘उपासना संगीत’ उघडतो, कुणीतरी शास्त्रवाचन करतं, आणि आपापल्या घरी जातो.

तर झालं असं. आमच्यातल्याच एका बाईची थोरली मुलगी बी. ए. झाली. हुशार, जरा अबोल. एका बुधवारी आमची बैठक चालू होती, तिथं ती आली आणि म्हणाली, “मावशी, मला पाळक व्हायचंय. दोन वर्षं झाली, मनातून जात नाही.” आमच्यात याला पाचारण म्हणतात. देवानं सेवेला बोलावणं.

कुणी काहीच बोललं नाही. मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. तिची आई सगळ्यात आधी. नवरा अपघातात गेलेला, दोन लेकरं पाठीला. ती म्हणाली, “तुझं लग्न कसं व्हायचं? पाळकाला पगार तो केवढा? आज इथं, उद्या बदली. बाईमाणूस एकटी कुठं कुठं राहशील?” गिरणीवाल्या काकू म्हणाल्या, “माती द्यायला बाई उभी राहिलेली मी तरी पाहिली नाही.” आणि एकीनं खाली बघत विचारलं, “ते दिवस आले म्हणजे वेदीपाशी कशी जाणार गं?”

पोरगी रागावली नाही. शेवटच्या प्रश्नाला तिनं एवढंच म्हटलं, “मावशी, बारा वर्षं अंगावरून जाणारी बाई गर्दीत येशूच्या वस्त्राला शिवली. त्यानं तिला दूर हो म्हटलं नाही. मुली म्हणून हाक मारली.” ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकलेली. पण आपल्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात आहे, हे कधी सुचलं नव्हतं.

आता एक गोष्ट समजून घ्या. आमच्यात मला देवानं बोलावलं, असं म्हणून कुणी पाळक होत नाही. आधी गावच्या मंडळीनं शिफारस करावी लागते. मग बिशप आणि त्यांची समिती मुलाखत घेते. मग सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या कॉलेजात शिक्षण. पदवी झालेल्याला साधारण चार वर्षं. शास्त्राबरोबर हिब्रू आणि ग्रीक भाषाही शिकवतात. त्यानंतर कुणाच्या तरी हाताखाली उमेदवारी. मग डीकनची दीक्षा, आणि पुढं पूर्ण पाळकाची. हाक एकाला येते, पण ती खरी आहे का हे सगळ्यांनी मिळून पारखायचं असतं. ही पद्धत चांगलीच आहे. उगाच जोशात आलेलं माणूस त्यात गळून पडतं.

पंचकमिटीनं आम्हाला सांगितलं, “मुलगी तुमच्यात वाढलीय. महिला मंडळानं पत्र द्यावं, मग आम्ही पुढं पाठवू.” म्हणजे कागद आमच्या हातात आला. आणि आम्ही तो वर्षभर दाबून ठेवला. नाही म्हणालो नाही, हो पण म्हणालो नाही. पुढच्या बैठकीत बघू, सुगी होऊ दे, नाताळ होऊ दे. बायांनो, नकार देणं परवडलं असतं. पोरगी दुसरा रस्ता तरी धरती. आम्ही तिला नुसतं दारात उभं ठेवलं.

शास्त्रात शमुवेलाची गोष्ट आहे. लहान पोर मंदिरात एली याजकाजवळ निजायचं. रात्री त्याला कुणी हाक मारली. ते धावत एलीकडं गेलं. एली म्हणाला, मी नाही हाक मारली, जा नीज. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा म्हाताऱ्याच्या ध्यानात आलं की पोराला देव बोलावतोय. मग त्यानं कसं उत्तर द्यायचं ते शिकवलं. हाक पोराला ऐकू आली, पण ती कुणाची हे ओळखायला म्हातारं माणूस लागलं. आमच्या पोरीची एली आम्ही होतो, आणि आम्ही तिला पुन्हा पुन्हा झोपायला पाठवत होतो.

त्या पावसाळ्यात आमच्या वस्तीवरच्या एक आजी खूप आजारी पडल्या. आयुष्यभर चर्च झाडलं त्यांनी, एक पैसा न घेता. दवाखान्यानं घरी न्या म्हणून सांगितलं. आजी शुद्धीवर होत्या. म्हणाल्या, “प्रभुभोजन घेऊन जाईन.” पाळकसाहेबांना फोन केला. ते लांबच्या गावात, पाऊस कोसळतोय, पुलावरून पाणी. साहेब म्हणाले, सकाळी निघतो.

रात्रभर ती पोरगी आजींच्या उशाशी बसली. स्तोत्रं वाचली, ओठ ओले केले, पाय चेपले. पहाटेच्या सुमाराला आजी तिला म्हणाल्या, “तूच दे ना गं.” पोरगी म्हणाली, “आजी, मला अधिकार नाही.” आजींनी मान हलवली. भाकर घरात होती. मागायला आजी होत्या. द्यायला ती होती. नव्हतं ते आमचं पत्र. दिवस उगवता उगवता आजी गेल्या. साहेब दुपारी पोचले, चिखलानं भरलेले, आणि ओट्यावर बसून रडले.

पत्र त्याच रात्री दिलं असतं तरी पोरगी काही लगेच पाळक झाली नसती, हे आम्हाला कळतं. शिक्षणालाच वर्षं लागतात. पण आमच्यासारखी किती गावं, आणि प्रत्येक गावात असं पत्र दाबून बसलेली माणसं. म्हणून आठ गावांना एक पाळक.

मातीनंतर पाळकसाहेब आमच्यात बसले. त्यांनी चीनकडची एक गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धात मकाव नावाच्या गावी निर्वासितांची गर्दी झाली होती. लढाईमुळं तिथं कुणी पाळक पोचू शकेना. फ्लोरेन्स ली टिम-ओई नावाची एक बाई तिथं डीकन म्हणून मंडळी सांभाळत होती. लोकांना प्रभुभोजन द्यायला कुणी नाही म्हणून हाँगकाँगच्या बिशपांनी तिला पाळकीय दीक्षा द्यायचं ठरवलं. जपानी सैन्याच्या मुलखातून वाट काढत ती त्यांना भेटायला गेली, आणि २५ जानेवारी १९४४ ला तिला दीक्षा मिळाली. अँग्लिकन मंडळीतली ती पहिली स्त्री पाळक. युद्ध संपल्यावर इतका गहजब झाला की तिनं ते काम बाजूला ठेवलं. पुढं १९७१ साली हाँगकाँगमध्ये आणखी दोघींना दीक्षा मिळाली, तेव्हा तिचंही पद पुन्हा मानलं गेलं. आमच्या आजींसारखीच माणसं तिथं वाट बघत होती.

आणि लांब कशाला जायचं? आपल्या नगरलाच सिंथिया फरार नावाच्या मिशनरी बाईंनी मुलींच्या शाळा चालवल्या. त्या शाळा बघून जोतीराव फुल्यांच्या मनानं घेतलं. पंडिता रमाबाई इंग्लंडात होत्या, तेव्हा त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही यावर बिशपांनी हरकत घेतली. त्याच रमाबाईंनी पुढं हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये सगळ्या बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. खिळे जुळवायला, छापायला तिथल्याच बाया. या दोघींची कधी दीक्षा झाली नाही. काम बायकांनी केलं, अधिकाराचा कागद तेवढा राहिला.

आता तसं नाही. आमचं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया १९७० साली नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन झालं, आणि त्यात आज स्त्रियाही पाळक होतात. दक्षिणेत चर्च ऑफ साऊथ इंडियानं १९७६ साली पहिल्या स्त्रीला दीक्षा दिली, आणि २०१३ साली ई. पुष्पललिता तिथं बिशप झाल्या. कॅथलिक मंडळीत मात्र स्त्रियांना ही दीक्षा देत नाहीत, तिथल्या सिस्टर वेगळं व्रत घेऊन सेवा करतात. दार उघडं होतं, उंबऱ्यात आम्ही बसलो होतो.

पुढच्या बुधवारी पत्र लिहिलं. अकरा सह्या झाल्या, त्यातले तीन अंगठे. एक सही तिच्या आईची. ती म्हणाली, “मला अजून भीती वाटतीय. पण माझी भीती म्हणजे देवाचा नकार नव्हे.” मग आम्ही दरमहा प्रत्येकी वीस रुपये बाजूला काढले. तेवढ्यात शिक्षण होत नाही, पण तिच्या येण्याजाण्याचं भाडं आणि पुस्तकांचा थोडा खर्च निघाला. पुण्याला चार वर्षं झाली. मग उमेदवारी, मग डीकन, मग दीक्षेचा दिवस.

त्या दिवशी आम्ही टेम्पो करून गेलो. दीक्षेच्या आधी बिशप जमलेल्या लोकांना विचारतात, ही व्यक्ती तुम्हाला मान्य आहे का, तुम्ही तिला साथ द्याल का? सगळे हो म्हणाले. पण सगळ्यांच्या अर्धा क्षण आधी एक आवाज आला, तिच्या आईचा. मग बिशपांनी आणि पाळकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवले.

गोष्ट इथं संपली असती तर छान झालं असतं. पण जे आहे तेच सांगतो. ती आज आमच्या गावात नाही. दुसऱ्या तालुक्यात तिच्याकडं पाच गावं आहेत. आमच्याकडं अजून महिन्यातून एकदाच पाळक येतात. तिथल्या एका कुटुंबानं मुलीच्या लग्नाला बाई नको म्हणून बाहेरून पाळक आणले. ती त्या लग्नाला गेली, मागच्या बाकावर बसली, पंगतीत वाढायला उभी राहिली. फोनवर सांगताना तिचा आवाज भरून आला होता. आम्ही उपदेश केला नाही, नुसतं ऐकलं. पाळकालाही कुणीतरी सांभाळावं लागतं. आणि आमच्या मंडळातल्या गिरणीवाल्या काकू? गेल्या वर्षी ती सुट्टीवर आली, साहेबांनी प्रभुभोजन तिलाच द्यायला सांगितलं. काकू जागच्या उठल्या नाहीत. यंदा उठल्या. कुणी त्यांना काही विचारलं नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या घरी पाचारण हा शब्द नसेल. पण एखादी लेक म्हणेल, मला कीर्तन करायचंय, पोलिसात जायचंय, ट्रॅक्टर दुरुस्ती शिकायचीय. तेव्हा आमच्या चुकीतून एवढं घ्या. तिला हसू नका, आणि लगेच डोक्यावरही घेऊ नका. किती दिवसांपासून मनात आहे ते विचारा. ते काम करणाऱ्या एखाद्या बाईशी तिची गाठ घालून द्या. पैसा, राहणं, लग्न, सगळं उघड बोला, तिच्यासमोर बोला. आणि बैठकीत विषय निघाला की तारीख ठरवा. त्या तारखेला हो किंवा नाही सांगा. नाही असेल तर कारणही सांगा. दारात उभं ठेवू नका.

आजींच्या जागेवर आता चर्च आम्ही पाळीपाळीनं झाडतो. या आठवड्यात पिठाच्या गिरणीची पाळी आहे.

पुढच्या वेळी रेशनकार्डावर नाव चढवण्याबद्दल बोलू. तोवर सांभाळून राहा. नमस्कार, जय ख्रिस्त.