विकरांची निवडक्षमता आणि कार्बनी संश्लेषण

अभिक्रियेचा वेग वाढवणारा, पण स्वतः खर्ची न पडणारा पदार्थ म्हणजे उत्प्रेरक, आणि सजीव पेशीत हेच काम करणारी प्रथिने म्हणजे विकरे अथवा एंझाइमे होत. साध्या घटकांपासून औषधासारखे गुंतागुंतीचे कार्बनी रेणू रचण्याला संश्लेषण म्हणतात. त्या कामी विकरांचा उपयोग कसा होतो, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे. विकरे पाण्यात आणि सौम्य तापमानाला काम करतात, म्हणून ती पर्यावरणाला पोषक आहेत, असे बहुधा सांगितले जाते. ते पुष्कळ अंशी खरे असले, तरी संश्लेषकाच्या दृष्टीने त्यांचे मोल त्यांच्या निवडक्षमतेत आहे.

एखाद्या कार्बन अणूला चार भिन्न गट जोडलेले असले, की डाव्या-उजव्या हातांप्रमाणे परस्परांची प्रतिबिंबे असणारे दोन रेणू संभवतात. नेहमीच्या रासायनिक रीतीने ते निम्मे-निम्मे तयार होतात, मात्र शरीरात त्यांचे परिणाम भिन्न असू शकतात. टार्टारिक अम्लाच्या अशा मिश्रणात वाढणारी बुरशी त्यांपैकी एकच प्रकार फस्त करते, हे लुई पाश्चर यांना १८५८ च्या सुमारास आढळले. पुढे १८९७ मध्ये एदुआर्त बुख्नर यांनी यीस्टच्या पेशी वाळूबरोबर भरडून काढलेल्या रसातही किण्वन, म्हणजे आंबण्याची क्रिया, चालते असे दाखवले, आणि अशा कामाला जिवंत पेशीच लागते ही समजूत मागे पडली.

उद्योगात या निवडक्षमतेची कसोटी पेनिसिलिनने घेतली. ॲम्पिसिलिन, अमॉक्सिसिलिन यांसारखी प्रतिजैविके करण्यासाठी पेनिसिलिन-जी या रेणूची बाजूची साखळी तोडून ६-एपीए हा गाभा मिळवावा लागतो. अडचण अशी की, तोडावयाचा बंध बळकट असतो, तर जपावयाच्या चार अणूंच्या वलयातील तशाच जातीचा बंध ताणामुळे नाजूक असतो. रासायनिक पद्धतीत त्यासाठी रेणूचा अम्लगट आधी झाकून ठेवावा लागे, आणि मग उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास, पाण्याचा अंशही नसलेल्या विद्रावकात, फॉस्फरस पेंटाक्लोराइडची योजना करावी लागे. पेनिसिलिन असायलेज हे विकर तेच काम पाण्यात, साधारण खोलीच्या किंवा शरीराच्या तापमानाला, एका पायरीत करते आणि वलयाला हात लावत नाही. हे विकर बारीक मण्यांवर पक्के बसवलेले असल्याने गाळून पुन्हा पुन्हा वापरता येते. क्रिया चालू असताना सुटणाऱ्या फिनिलॲसिटिक अम्लामुळे द्रावणाचा सामू घसरू लागतो, म्हणून तो ८ च्या आसपास राखण्यासाठी अल्कली थेंबाथेंबाने सोडली जाते. किती अल्कली खर्च झाली यावरूनच क्रिया कोठवर आली ते समजते. शेवटी द्रावण आम्लधर्मी केले, की ६-एपीएचे स्फटिक खाली बसतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही या गटातील विकरांवर दीर्घकाळ संशोधन झाले आहे.

तथापि, निसर्गाने विकरे पेशीच्या गरजेसाठी घडवली आहेत, आणि रसायनज्ञाला हवा तो रेणू त्यांना ओळखीचा असेलच असे नाही. १९८० च्या दशकात अलेक्झांडर क्लिबानोव्ह यांनी काही विकरे जवळजवळ निर्जल कार्बनी विद्रावकांतही टिकतात हे दाखवले. १९९३ मध्ये फ्रान्सिस अर्नोल्ड यांनी निर्देशित उत्क्रांतीचा मार्ग घालून दिला. या पद्धतीत विकराच्या जनुकात यादृच्छिक बदल करून त्यांतून निपजलेल्या हजारो प्रकारांतून सरस तेवढे निवडायचे आणि हेच चक्र पुढे चालवायचे असते. या कार्यासाठी त्यांना २०१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला.

मधुमेहावरील सिटाग्लिप्टिन हे या पद्धतीचे ठळक उदाहरण होय. त्याच्या निर्मितीत पूर्वी ऱ्होडियम या महाग धातूचा उत्प्रेरक आणि उच्च दाबाचा हायड्रोजन लागत असे, आणि तरीही मिळणारा पदार्थ आणखी शुद्ध करावा लागे. मर्क व कोडेक्सिस या कंपन्यांच्या संशोधकांनी अमिनोगट बसवणारे ट्रान्सअमिनेज हे विकर निवडले, परंतु त्याच्या क्रियास्थळाची खोबण इतकी अरुंद होती की हा रेणू तीत मावतच नव्हता. संशोधकांनी ती खोबण आधी रुंद केली आणि मग फेरीमागून फेरी सुधारणा करत नेल्या. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अंतिम विकरात २७ बदल होते, आणि ते निम्मे डायमिथिल सल्फॉक्साइड असलेल्या द्रावणात, लिटरला २०० ग्रॅम कच्च्या पदार्थावर काम करून ९९.९५ टक्क्यांहून अधिक शुद्धतेने एकच प्रतिबिंबरूप देत होते.

मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतात. विकर घडवण्यास वेळ व पैसा लागतो, विरल द्रावणांमुळे सांडपाणी वाढू शकते, आणि क्षपण करणाऱ्या अनेक विकरांना महागड्या सहघटकांची जोड लागते, जे ग्लुकोजसारख्या स्वस्त पदार्थाच्या आधारे पुनःपुन्हा ताजे करावे लागतात. म्हणून ठरलेल्या मार्गातील एखादी पायरी तेवढी विकराकडे सोपवण्यापेक्षा, विकरे काय करू शकतात हे पाहून मार्गच आखणे अधिक फलदायी ठरते. एचआयव्हीविरोधी इस्लाट्राविरच्या २०१९ मधील संश्लेषणात नऊ विकरे वापरली गेली, त्यांपैकी पाच मुद्दाम घडवलेली होती, मधले पदार्थ वेगळे काढावे लागले नाहीत, आणि पायऱ्यांची संख्या आधीच्या मार्गांच्या निम्म्याहून कमी झाली. निवडक्षमतेचा पुरता लाभ घ्यायचा, तर विकराचा विचार आराखड्याच्या पहिल्या ओळीपासूनच करावा लागतो, हे या उदाहरणाने सिद्ध होते.