शाळेची पैसेवारी
(शेतकरी व कारागीर पालकांच्या सभेंत झालेलें भाषण)



गांवांत पीक बुडालें म्हणजे शेतावर येऊन पिकाची मोजणी होते आणि पैसेवारी ठरते. ती पन्नास पैशांच्या आंत आली कीं आपण सरकारापाशीं सवलत मागतों. पीक कमी आलें म्हणून त्या गांवाचें बियाणें कोणी जप्त करीत नाहीं. मोजावयाचें तें मदत कोठें पोंचवावी हें कळावें म्हणून, हा आपला साधा व्यवहार आहे. पण शाळांच्या बाबतींत मोठमोठ्या राष्ट्रांनीं याच्या उलट व्यवहार केला. शाळेचें पीक मोजलें आणि जेथें तें कमी भरलें तेथेंच दंड बसविला. त्यांतून काय निपजलें, हें आज आपणांस सांगावयाचें आहे.

अमेरिकेंत बहुतेक मुलें सरकारी शाळांत शिकतात. जानेवारी २००२ मध्यें अध्यक्ष बुश यांनीं तेथें एका कायद्यावर सही केली. ‘एकही मूल मागें राहूं नये’ असा त्याच्या नांवाचा अर्थ. हेतु वाईट नव्हता, हें प्रथम कबूल केलें पाहिजे. त्यापूर्वीं शाळेची सरासरी बरी दिसली कीं तिच्याखालीं कृष्णवर्णीयांच्या, गरिबांच्या आणि अपंग मुलांच्या दैनेवर पांघरूण पडत असे. नव्या कायद्यानें अशा प्रत्येक गटाचा निकाल वेगळा जाहीर करावयास लावला. म्हणून दोन्ही पक्षांनीं त्यास मतें दिलीं.

परंतु पुढचीं कलमें पाहा. तिसरीपासून आठवीपर्यंत दरसाल वाचन व गणित यांची परीक्षा. २०१४ पर्यंत शंभरांपैकीं शंभर मुलें ठरलेल्या पातळीस आलींच पाहिजेत. गरिबांसाठीं असलेलें केंद्राचें अनुदान घेणारी शाळा लागोपाठ दोन वर्षें चुकली कीं तिच्यावर कमी पडल्याचा शिक्का बसे. आणखी वर्षें चुकली तर शिक्षक बदला, नाहीं तर शाळा दुसऱ्याच्या ताब्यांत द्या. म्हणजे दंडाची काठी उगारली ती गरिबांच्याच शाळांवर!

आतां ज्याची रोटी आंकड्यावर टांगली आहे तो आंकड्याचीच चाकरी करणार. २००७ सालच्या एका पाहणींत शेंकडा ४४ शिक्षण-विभागांनीं सांगितलें कीं, वाचन-गणितासाठीं आम्ही प्राथमिक शाळांत इतर विषयांचा वेळ कापला. इतिहास, विज्ञान, चित्रकला, संगीत यांचे तास असे गेले. श्रीमंताच्या मुलाला हीं घरीं मिळतात. मजुराच्या मुलाला शाळेंत मिळालीं नाहींत तर कोठेंच मिळत नाहींत. टेक्सासमधील एका शाळेच्या अभ्यासांत असें आढळलें कीं, जीं मुलें पास होण्याच्या अगदीं काठावर होतीं त्यांच्यावरच मेहनत घेतली जाई, आणि जीं फार मागें होतीं त्यांना सोडून देत. ज्यांच्या नांवानें कायदा झाला तींच मुलें मागें राहिलीं. पास होण्याची रेघ ठरविण्याचा अधिकार राज्यांकडे होता. तेव्हां कांहीं राज्यांनीं ती रेघच खालीं आणली. मुलें वर चढलीं नाहींत, पण कागदावर उंची वाढली!

सर्वांत दुःखाची गोष्ट अटलांटा शहराची. तेथल्या शाळांत बहुसंख्य मुलें कृष्णवर्णीय व गरीब. निकाल झपाट्यानें सुधारूं लागले तेव्हां शहराची वाहवा झाली. २०११ सालीं राज्याच्या चौकशींत उघड झालें कीं, ४४ शाळांत फसवणूक झाली असून तींत १७८ शिक्षक व मुख्याध्यापक गुंतलेले आहेत. मुलांचीं चुकलेलीं उत्तरें खोडून बरोबर उत्तरें भरलीं गेलीं होतीं. २०१५ मध्यें ११ जणांस न्यायालयानें दोषी ठरविलें. त्यांस शिक्षा झाली हें योग्यच. पण त्या मुलांचें काय? ज्याला वाचतां येत नव्हतें त्याच्या नांवापुढें ‘येतें’ असें लिहिलें गेलें, म्हणून मिळावयाची जादा शिकवणीही त्याला मिळाली नाहीं. खोटी पैसेवारी लागली आणि दुष्काळग्रस्त गांव सुकाळाच्या यादींत गेलें!

कायद्यानें कांहींच चांगलें झालें नाहीं असें मी म्हणत नाहीं. चौथीच्या मुलांचें गणित सुधारल्याचें अभ्यासकांस दिसलें. वाचनांत मात्र तशी सुधारणा दिसली नाहीं. २०१४ उजाडलें, शंभरांत शंभर कोठेंच झाले नाहींत, आणि डिसेंबर २०१५ मध्यें तो कायदा बदलावा लागला. परीक्षा राहिल्या, दंड काय करावा हें बरेंचसें राज्यांवर सोपविलें.

ही युक्ति नवी नाहीं. इंग्लंडांत १८६२ सालीं रॉबर्ट लो यांनीं ‘निकाल तसें दाम’ ही पद्धत आणली. गरिबांच्या शाळेस मुलामागें मिळणाऱ्या १२ शिलिंगांपैकीं ८ शिलिंग वाचन, लेखन व हिशेब यांच्या परीक्षेवर टांगलेले. एका विषयांत मूल नापास झालें कीं २ शिलिंग ८ पेन्स कापले. सरकारचा खर्च तीन-चार वर्षांत खरोखरच उतरला. पण मुलें वाचनाचें पुस्तक घोकून तोंडपाठ म्हणूं लागलीं. मॅथ्यू आर्नल्ड हे स्वतः सरकारी तपासनीस. त्यांनींच या यांत्रिकपणाविरुद्ध लिहिलें. तरी ती पद्धत मोडीत निघावयास १८९० नंतरचीं वर्षें उजाडावीं लागलीं.

त्याच काळांत, १८८२ सालीं, महात्मा जोतीराव फुले यांनीं हंटर कमिशनपुढें आपलें निवेदन ठेवलें. त्यांनीं तपासणी नको असें म्हटलें नाहीं. उलट, वर्षांतून एकदां साहेब येऊन जातो त्यानें कांहीं होत नाहीं, निदान तीन महिन्यांनीं तरी तपासणी व्हावी, आणि आगाऊ वर्दी न देतां यावें, असें त्यांनीं बजावलें. पुष्कळ मुलें पास करणाऱ्या शिक्षकास बक्षीस द्या, हेंही सुचविलें. परंतु तें पगाराशिवाय वेगळें! पगार बारा रुपयांहून कमी नसावा आणि शिक्षक शक्यतों शेतकरी वर्गांतला असावा, ही त्यांची मागणी होती. आधीं पोटाला भाकरी, मग कामाची पारख. लो साहेबांनीं भाकरीच पारखेवर टांगली. या दोन विचारांतला भेद नीट ध्यानांत घ्या.

आतां आपल्या दाराशीं या. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानें आठवीपर्यंत नापास करणें बंद केलें होतें. २०१९ मध्यें तें कलम बदललें, आणि २०२३ मध्यें महाराष्ट्रानें पांचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आणि नापासास फेरपरीक्षा असा नियम केला. कोणी म्हणतात, परीक्षाच काढून टाका. मला तें पटत नाहीं. ज्या आईबापांस स्वतः वाचतां येत नाहीं, त्यांना आपलें मूल शिकतें आहे कीं नुसतें बसतें आहे, हें कळावें कसें? मोजणी आपल्यालाच सर्वांहून अधिक हवी. पण मोजणीनंतर काय होतें, हें विचारण्याचा हक्क सोडूं नका.

शाळेंत जाल तेव्हां निकालाचा आंकडा पाहून मागें फिरूं नका. गुरुजींना म्हणा, माझ्या मुलाकडून चार ओळी वाचून घ्या, मी ऐकतों. गेल्या वर्षीं त्याला काय येत नव्हतें व आज काय येतें, तें विचारा. निकाल कमी असेल तर शिक्षकाच्या जागा किती रिकाम्या आहेत, एका मास्तरावर किती वर्ग आहेत, ऊसतोडीच्या दिवसांत किती मुलें गांवाबाहेर होतीं, याचा जाब वर मागा. आणि निकाल कमी म्हणून शाळेचें कांहीं कापूं लागले तर गांवानें एकमुखानें सांगावें: आमच्या शाळेची पैसेवारी कमी आहे, म्हणूनच आम्हांस मदत अधिक पाहिजे.