‘मॅथ्स’, ‘सम’ आणि गणित
(शिक्षक-संमेलनातील भाषण)



१९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पुढे कारखान्यांची रांग चाकणपर्यंत पोहोचली. कारखान्यांबरोबर इंग्रजी शब्दही घरोघरी आले. ‘माझे गणित कच्चे आहे’ असे म्हणणारा विद्यार्थी आता ‘माझे मॅथ्स कच्चे आहे’ असे म्हणतो. सेमी-इंग्रजी वर्गात तर हा विषय इंग्रजीतूनच शिकविला जातो. शब्द आला याचा विषाद नको. मात्र त्याचा अर्थ व व्याकरण शिक्षकास ठाऊक असावे.

‘मॅथ्स’ हे ‘मॅथेमॅटिक्स’चे संक्षिप्त रूप होय. त्याचे मूळ ग्रीक ‘मॅथेमा’ या शब्दात असून त्याचा अर्थ ‘जे शिकले जाते ते’ असा आहे. ‘गणित’ हा शब्द ‘गण्’, म्हणजे मोजणे, या धातूपासून झाला. इ. स. ४९९ च्या सुमारास रचलेल्या ‘आर्यभटीया’तील एका भागाचे नावच ‘गणितपाद’ आहे. एक शब्द शिकण्यातून आला, दुसरा मोजण्यातून.

आता व्याकरण पाहू. ‘मॅथ्स’च्या अंती ‘स’ असला तरी इंग्रजीत तो शब्द एकवचनी आहे. त्यास ‘आर’ नव्हे, ‘इज’ हे क्रियापद लागते. अमेरिकेत तर ‘मॅथ’ एवढेच म्हणतात. विषयाचे हे नाव मोजता येत नाही. मराठीत मात्र ‘गणित’ विषयालाही म्हणतात आणि सोडवावयाच्या एकेका उदाहरणालाही. म्हणून ‘पाच गणिते सोडवली’ हे शुद्ध मराठी आहे. तेच मूल इंग्रजीत ‘फाइव्ह मॅथ्स’ म्हणते, तेव्हा ते मातृभाषेचा नियम प्रामाणिकपणे पाळीत असते. त्यास हसू नये. दोन भाषांतील भेद दाखवावा.

याहून मोठा घोटाळा ‘सम’ या शब्दाने होतो. एकेका उदाहरणास ‘सम’ म्हणण्याची सवय पुष्कळ वर्गांत आहे. बोली इंग्रजीत ते चालते; परंतु त्या शब्दाचा गणितातील नेमका अर्थ बेरीज असा आहे. शिवाय मराठीत ‘सम’ म्हणजे दोनाने निःशेष भाग जाणारी संख्या. समजा, ३६ व २८ यांचा ‘सम’ काढावयास सांगितले आणि मुलाने ‘दोन्ही सम आहेत’ असे लिहिले. उत्तर चुकीचे ठरेल. पण त्या मुलास बेरीज येत नाही, असे म्हणता येईल काय? ६४ हे उत्तर त्यास ठाऊक असेलही. तो गणितात नव्हे, शब्दात अडला. अशा मुलावर एकदा ‘कच्चा’ असा शिक्का बसला की तो पुसणे कठीण जाते.

यास्तव तीन गोष्टी कराव्यात. विषयास गणित किंवा मॅथ्स म्हणावे. सोडवावयाच्या प्रश्नास उदाहरण म्हणावे. ‘सम’ हा इंग्रजी शब्द बेरजेसाठीच राखावा आणि तो प्रथम येईल त्या दिवशी मराठी ‘सम’ शेजारी लिहून दोहोंतील फरक फळ्यावर स्पष्ट करावा. मुलाचे उत्तर चुकले, तर प्रश्न त्यास मराठीत पुन्हा विचारावा. उत्तर बरोबर आले, तर उणीव गणिताची नव्हती हे कळेल आणि शिकवावयाचे काय, हेही कळेल.