व्हीपीएनची सेटिंग बदलली, इंटरनेट गेले : आता काय करावे?

(मंडळाच्या 'घरोघरी संगणक' या सत्रात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



विघ्नहर्त्याच्या मंडपात एका आधुनिक विघ्नाविषयी बोलायचे आहे. मंडळातले आम्ही तीन-चार जण सभासदांना संगणकाच्या आणि मोबाईलच्या अडचणींत मदत करतो. अलीकडे एक तक्रार वारंवार कानावर येते : 'व्हीपीएनमध्ये काहीतरी बदलले आणि तेव्हापासून नेटच बंद आहे.'

कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीवर भाषण कशाला? आपले पणजोबा-खापरपणजोबा गायकवाडी सरकारच्या नोकरीसाठी बडोद्याला आले आणि इथलेच झाले. आज उलटे घडते आहे. पुण्याची, बंगळुरूची नोकरी दांडिया बाजारातल्या, रावपुऱ्यातल्या घरात येऊन बसली आहे. मुलगा किंवा सून घरून काम करते, म्हणून ते कुटुंब एकत्र राहू शकते. ऑफिसचे काम व्हीपीएनवरून चालते. ते दोन दिवस बंद पडले की वरिष्ठांचा फोन येतो, आणि घरात 'इथे राहून जमणार नाही' अशी कुजबुज सुरू होते. म्हणून हा विषय आम्हाला घरगुती वाटतो.

व्हीपीएन म्हणजे काय?

व्हीपीएन म्हणजे सार्वजनिक रस्त्याखालून काढलेले खासगी भुयार. आपला संगणक आणि दूरचा सर्व्हर यांच्यामधली माहिती कुलूपबंद होऊन जाते, मधल्या कोणाला ती वाचता येत नाही. हे भुयार काढताना व्हीपीएनचे ॲप आपल्या संगणकात तीन गोष्टी बदलते. एक, माहितीने कोणत्या वाटेने जायचे ते. दोन, संकेतस्थळांचे पत्ते कोणाला विचारायचे ते. आणि तीन, भुयार बंद पडले तर काय करायचे ते. इंटरनेट जाते ते बहुधा या तिघांपैकी एका ठिकाणी, आणि शोधही तिथेच घ्यायचा.

आधी बिघाड कुठे आहे ते पाहा

पहिली परीक्षा अगदी सोपी आहे. त्याच वाय-फायवर घरातल्या दुसऱ्या मोबाईलवर नेट चालते का? चालत नसेल तर दोष राऊटरचा किंवा लाईनचा आहे, व्हीपीएनला बोल लावू नका. आपल्या जुन्या वाड्यांच्या भिंती जाड असतात, आतल्या खोलीत वाय-फाय पोचतच नाही, हेही एक कारण असते. दुसऱ्या फोनवर चालत असेल तर दोष आपल्याच यंत्रात आहे.

दुसरी परीक्षा : व्हीपीएन पूर्ण बंद करा आणि पाहा. बंद केल्यावर नेट आले तर भुयाराची सेटिंग चुकली आहे. बंद करूनही आले नाही, तर व्हीपीएनने मागे काहीतरी ठेवले आहे. या दोन वाटा वेगळ्या आहेत, त्यांची सरमिसळ करू नका.

व्हीपीएन बंद, तरी नेट नाही

इथे पहिला संशयित 'किल स्विच'. भुयार तुटले तर एकही अक्षर उघड्या रस्त्याने जाऊ नये, म्हणून हा स्विच सगळी वाहतूकच थांबवतो. तो आपले काम चोख करत असतो, पण आपल्याला वाटते नेट बिघडले. ॲप उघडा, किल स्विच बंद करा, एकदा व्हीपीएन जोडा आणि नीट तोडा. अँड्रॉइड फोनमध्ये हेच काम सेटिंग्जमधील व्हीपीएनच्या पानावर असते. तिथे ॲपच्या नावाशेजारच्या चक्रावर बोट ठेवले की 'ऑल्वेज-ऑन व्हीपीएन' आणि त्याखाली 'व्हीपीएनशिवाय जोडणी अडवा' अशा अर्थाची खूण दिसते. ही दुसरी खूण चालू राहिली आणि व्हीपीएन जोडला गेला नाही, तर फोन जगापासून तुटतो.

एक इशारा देतो. वैतागून ॲपच काढून टाकू नका. काही ॲप जाताना आपला अडसर मागेच ठेवून जातात. ते झालेच असेल तर दुसऱ्या संगणकावर तेच ॲप उतरवून घ्या, पेन ड्राइव्हने आणून पुन्हा बसवा, किल स्विच बंद करा आणि मगच काढा.

दुसरा संशयित 'डीएनएस'. ही इंटरनेटची टेलिफोन डिरेक्टरी. आपण संकेतस्थळाचे नाव लिहितो, ती त्याचा आकडी पत्ता शोधून देते. व्हीपीएनने आपली डिरेक्टरी लावली आणि जाताना जुनी परत ठेवली नाही, तर रस्ता मोकळा असूनही घर सापडत नाही. ओळखायचे कसे? विंडोजमधील कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत पिंग हा शब्द इंग्रजीत लिहून, एक जागा सोडून, ८.८.८.८ हा आकडा लिहा. उत्तर आले पण नावाने कुठलेच पान उघडत नसेल, तर डिरेक्टरी हरवली आहे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क आणि इंटरनेट, वाय-फाय, हार्डवेअर प्रॉपर्टीज या वाटेने जाऊन डीएनएस 'ऑटोमॅटिक' करा आणि संगणक पुन्हा चालू करा. अँड्रॉइडमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' ही जागा तपासा.

तिसरा संशयित 'प्रॉक्सी'. नेटवर्कच्याच पानावर तो असतो. आपण किंवा ऑफिसने मुद्दाम लावलेला नसेल तर हाताने लावलेला प्रॉक्सी बंद करा.

व्हीपीएन चालू, पण नेट नाही

ऑफिसच्या व्हीपीएनमध्ये हा प्रकार फार दिसतो. ऑफिसची फाईल उघडते, पण बाहेरचे एकही पान उघडत नाही. विंडोजच्या स्वतःच्या व्हीपीएनमध्ये 'दूरच्या नेटवर्कचे गेटवे वापरा' अशा अर्थाची एक खूण असते. ती असली की आपली सगळी वाहतूक आधी ऑफिसात जाते. ऑफिसने बाहेरचा दरवाजा उघडा ठेवला नसेल तर ती तिथेच अडकते. ही खूण काढली की ऑफिसचे ऑफिसात आणि बाकीचे थेट घरच्या लाईनवरून जाते. पण ऑफिसच्या संगणकावर हा बदल स्वतःच्या मनाने करू नये. सगळी वाहतूक तपासूनच सोडायची, हा त्यांचा सुरक्षेचा नियम असू शकतो. त्यांच्या तांत्रिक विभागाला विचारा.

दुसरे कारण पत्त्यांची टक्कर. घरच्या राऊटरचे पत्ते बहुधा १९२.१६८.१ ने सुरू होतात. ऑफिसचेही तसेच असले तर संगणकाला कळत नाही की हा पत्ता दिवाणखान्यातला की पुण्यातला. घरच्या राऊटरची मालिका १९२.१६८.५० अशी केली की भांडण मिटते.

तिसरे, प्रोटोकॉल. भुयार काढायच्या पद्धती अनेक आहेत. ओपनव्हीपीएन ठरावीक सेटिंगमध्ये यूडीपी आणि ११९४ क्रमांकाचे पोर्ट वापरते, वायरगार्ड ५१८२०. काही हॉटेलांत, महाविद्यालयांत ही पोर्टे बंद असतात. ओपनव्हीपीएन टीसीपी आणि ४४३ वर नेले तर बरेचदा चालते, कारण सुरक्षित संकेतस्थळे त्याच पोर्टावरून येतात. मात्र 'जोडले जाते ना' म्हणून पीपीटीपी या जुन्या पद्धतीकडे वळू नका. तिचे कुलूप कच्चे ठरले आहे. ॲपलने २०१६ मध्येच आयफोन आणि मॅकमधून ती काढली.

चौथे, पाकिटाचा आकार. लहान पाने उघडतात, मोठी अर्ध्यावर लटकतात, व्हिडिओ कॉल गोठतो. साध्या लाईनवर माहितीचे पाकीट १५०० बाइटपर्यंत जाते. भुयारात त्यावर आणखी एक वेष्टन चढते, म्हणून आतले पाकीट लहान हवे. वायरगार्डमध्ये ते साधारण १४२० असते. ॲपमध्ये 'एमटीयू' नावाची जागा असेल तर आकडा थोडा थोडा उतरवून पाहा.

पाचवे, अगदी साधे : संगणकाची तारीख आणि वेळ. ती चुकली की सुरक्षा प्रमाणपत्र खोटे ठरते आणि जोडणी नाकारली जाते.

आणि सगळे चालते पण फक्त बँकेचे पान उघडत नाही, असे असेल तर व्हीपीएन कोणत्या देशातून बाहेर पडतो ते पाहा. ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षे ठेवण्याचा आदेश भारत सरकारच्या सर्ट-इन संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये दिला. त्यानंतर काही परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हर हलवले. परदेशी पत्त्यावरून आलेला ग्राहक बँकेला संशयास्पद वाटू शकतो.

शेवटचा उपाय

काहीच जमले नाही तर विंडोजमध्ये 'नेटवर्क रीसेट' आहे. त्याने नेटवर्कची सगळी मांडणी नव्याने बसते. पण वाय-फायचे पासवर्ड पुन्हा द्यावे लागतात, व्हीपीएनही कदाचित पुन्हा बसवावा लागतो. म्हणून हे सगळ्यात शेवटी, पहिल्या पाच मिनिटांत नव्हे.

पुढच्या वेळेसाठी दोन सवयी लावा. बदल करण्याआधी त्या पानाचा मोबाईलने फोटो काढा. आणि एका वेळी एकच सेटिंग बदलून पाहा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कोणाचा हे कळणार नाही.

सर्वांत महत्त्वाचे

घरात नेट बंद, मुलगा कामावर, आणि आजोबा मोबाईलवर 'मदत क्रमांक' शोधतात. शोधात वर दिसणारा प्रत्येक क्रमांक खरा नसतो. पलीकडचा गोड आवाज म्हणतो, 'काका, हे छोटे ॲप उतरवा, मी इथून दुरुस्त करतो.' त्या ॲपने त्याला आपला पडदा दिसतो, आणि बँकेचा ओटीपीही. बिघडलेले नेट संध्याकाळपर्यंत येते, गेलेली पुंजी येईलच असे नाही. क्रमांक बिलावरचा किंवा ऑफिसच्या पत्रावरचाच घ्या. अनोळखी माणसाला पडदा दाखवू नका. फसवणूक झालीच तर लाजू नका, ताबडतोब १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम थांबवली जाण्याची शक्यता अधिक.

ज्येष्ठांना एवढीच विनंती, की नेट गेले म्हणून सुरक्षेची सगळी कुलुपे उघडी टाकू नका. आणि तरुणांना विनंती, की घरच्यांवर चिडू नका. किल स्विच कुठे आहे, ते एकदा आईला, आजोबांना शेजारी बसवून दाखवा. तुम्ही कामावर असताना घर त्यांच्याच हाती असते. जमले नाही तर मंडळात या, आम्ही आहोतच.



गणपती बाप्पा मोरया!