कर्करोग आणि पूरक उपचार : विचारून निर्णय घ्या



बँकेत आम्ही सही जुळल्याशिवाय चेक पास करीत नाही. पण वहिनींच्या छातीतील गाठ काढ्याने विरघळेल असे एकाने सांगितले, तेव्हा एकही प्रश्न न विचारता आम्हीच पैसे काढून दिले. चार महिन्यांत गाठ वाढली. ही चूक आपणांकडून होऊ नये, म्हणून हे चार शब्द.

शस्त्रक्रिया, किरणोपचार, केमोथेरपी चालू ठेवून थकवा व चिंता कमी व्हावी म्हणून योगासने, ध्यान करणे, हा पूरक उपचार होय. मूळ उपचार सोडून काढा घेणे, हा पर्यायी उपचार झाला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, रोग दूरवर पसरलेला नसताना केवळ पर्यायी उपचार घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका अडीच पट आढळला; स्तनांच्या कर्करोगात पाच पटींहून अधिक.

"झाडपाल्याने काय अपाय होणार?" असे म्हणतात. केमोथेरपीतील व्हिन्क्रिस्टिन हे जहाल औषध सदाफुलीपासूनच मिळते. गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली.

तेव्हा रुग्णावर रागावू नका. रागावल्याने तो बाटली लपवतो. त्याच्याजवळ बसून प्रश्न लिहा : यात काय आहे? गुणाचा पुरावा काय? खर्च किती? चालू औषधांना बाधते का? तो कागद व बाटली डॉक्टरांसमोर ठेवा. निर्णय रुग्णाचाच, पण तो माहिती घेऊन केलेला असावा.

वहिनी आता डॉक्टरांना विचारून प्राणायाम करतात. ते चार महिने मात्र आम्हांला परत देता येत नाहीत.