मंचुरियन लाल कधी झालं?

(भागाचं शब्दांकन. बोलण्यातली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

हेडफोन लावलेत ना? लोकलमध्ये असा, बसमध्ये असा, एक काम करा. बॅगेत बिस्किटाचा, जेलीचा, सरबताच्या पावडरीचा, कसलाही पुडा असेल तर हाताशी ठेवा. थोड्या वेळानं लागेल.

आज खाण्यातल्या रंगाबद्दल बोलायचंय. सुरुवात आमच्या घरापासूनच करते, कारण दुसऱ्यांच्या नावानं ओरडणं सोपं असतं.

माझ्या काकाची लालबागमध्ये चायनीजची गाडी आहे. संध्याकाळी सहाला लागते. मंचुरियन, चायनीज भेळ, लॉलीपॉप, ट्रिपल राइस. गाडीवर सगळं कसं? लालभडक. लहानपणी मला वाटायचं की मंचुरियनचा रंगच तो, जसा आंब्याचा पिवळा असतो तसा. मग एकदा मी गाडीमागे उभी होते आणि काकानं डब्यातून चमच्याच्या टोकावर पावडर घेतली, पाण्यात टाकली आणि ते पाणी सोड्यासारखं झर्रकन लाल झालं. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, “कलर.” एवढंच. मीठ म्हणावं तसं.

आता गंमत बघा. मंचुरियन हा पदार्थ चीनचा नाही हे तुम्हाला माहीत असेल. तो आपल्या मुंबईचा आहे. चर्चगेटला ब्रेबॉर्न स्टेडियममध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आहे, तिथे १९७५ मध्ये नेल्सन वँग या शेफनं तो पहिल्यांदा केला असं सांगितलं जातं. गिऱ्हाइकानं काहीतरी नवीन मागितलं. यानं आलं, लसूण, हिरवी मिरची घेतली, गरम मसाल्याच्या ऐवजी सोया सॉस घातला, कॉर्नफ्लोअर लावून घट्ट केलं. आता मला सांगा, या यादीत लाल काय आहे? काहीच नाही. मूळ मंचुरियन तपकिरी होतं. क्लबाच्या टेबलावरून गाडीवर येता येता, चिकनऐवजी कोबी-फ्लॉवर येता येता ते लाल झालं. कुणी पहिल्यांदा केलं ते कुणालाच सांगता येणार नाही. पण का केलं ते कळतं. ट्यूबलाइटखाली तपकिरी दिसत नाही. लाल दिसतं, रस्त्याच्या त्या बाजूवरून दिसतं.

आणि हे मुंबईत जन्मलेलं पोर पुढे गोव्यात जाऊन बंदी खाऊन आलं. २०२४ च्या सुरुवातीला बोडगेश्वराच्या जत्रेत विषय निघाला आणि म्हापसा नगरपालिकेनं गोबी मंचुरियनच्या स्टॉलवर बंदी घातली. कारणं दोन, अस्वच्छता आणि कृत्रिम रंग. मार्चमध्ये कर्नाटक सरकारनं राज्यभर गोबी मंचुरियन आणि कॉटन कँडीत कृत्रिम रंग वापरायला बंदी केली. त्यांनी मंचुरियनचे १७१ नमुने तपासले, १०७ मध्ये घातक रंग सापडले. जूनमध्ये कबाबांचा नंबर लागला.

तुम्ही म्हणाल, मग आपल्याकडे बंदी का नाही? तर इथे लोकांची गल्लत होते. वेगळी बंदी लागतच नाही. देशभर लागू असलेला एफएसएसएआयचा नियम आहे, २०११ पासूनचा. आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे आणि तीही ठराविक पदार्थांतच: आइस्क्रीम, बिस्किट, केक, मिठाई, सरबत, कस्टर्ड पावडर, जेली, असे. मंचुरियन त्या यादीत नाही. तंदुरी नाही. म्हणजे किराणा दुकानातून आणलेला, आयएसआयचा शिक्का असलेला ‘चांगला’ रंगसुद्धा गाडीवरच्या मंचुरियनमध्ये घातला तर तो नियमाबाहेरच. काकाला हे माहीत नव्हतं. त्याला वाटायचं, महागातली पुडी घेतली की आपण सुटलो. मलाही तेच वाटायचं.

आणि जिथे परवानगी आहे तिथेही मर्यादा आहे. साधारण एक किलो पदार्थाला १०० मिलिग्रॅम. म्हणजे एक ग्रॅम शुद्ध रंग दहा किलोला. गाडीवर कुठला वजनकाटा? चमच्याचं टोक हेच माप.

पण खरी भीती परवानगी असलेल्या रंगांची नाही, सुट्या पुडीतल्या रंगांची आहे. कर्नाटकात जे नाव गाजलं ते रोडामाइन बी. गुलाबी-लाल, चमकणारा. हा कापडाचा, कागदाचा रंग. मिठाईत आणि हळदीत सापडतो तो मेटॅनिल यलो, तोही कापड आणि चामड्याचा. हे खाण्यासाठी नाहीतच, थोडे नाही आणि जास्त नाही.

हे वाचताना मला आजोबा आठवले. म्हणजे आजीनं सांगितलेले आजोबा. ते गिरणीत रंगखात्यात होते. आजी सांगायची, नखांच्या कडेचा रंग कधी गेला नाही त्यांच्या. कामावरून आले की आधी मोरीत, कोपरापर्यंत साबण, आणि धुतलेल्या हातानंसुद्धा ते भाकरी चमच्यानं भाजीला लावायचे. आजी चिडवायची त्यांना, साहेब झालात म्हणून. १९८२ चा संप झाला, गिरणी पुन्हा लागली नाही, आणि घरातल्या पोरांनी मिळेल ते केलं. काका हॉटेलात भांडी घासायला लागला, मग कढईवर, मग स्वतःची गाडी. ज्या माणसानं रंगाचा हात ताटाला लागू दिला नाही, त्याचा मुलगा ताटात रंग घालतोय. मी हे काकाला बोलून दाखवलं. त्याला लागलं. दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. मी जरा जास्तच बोलले, हे मान्य आहे.

आता तो पुडा काढा. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘आयएनएस’ आणि आकडे असतील. १०२ म्हणजे टार्ट्राझिन, पिवळा. ११० सनसेट यलो, नारिंगी. १२२ आणि १२४ लाल. १२७ एरिथ्रोसिन, चेरीचा गुलाबी-लाल. १३२, १३३ निळे आणि १४३ हिरवा. झाले आठ. यातल्या १०२, ११०, १२२ आणि १२४ साठी युरोपात २०१० पासून पाकिटावर लिहावं लागतं की मुलांच्या चंचलतेवर, एकाग्रतेवर परिणाम होऊ शकतो. त्यामागे इंग्लंडमधल्या साउदम्प्टनचा २००७ चा अभ्यास होता. परिणाम सगळ्या मुलांत सारखा दिसला नव्हता, शास्त्रज्ञांत वाद झाला. पण तशी ओळ छापण्यापेक्षा बऱ्याच कंपन्यांनी तिथे रंगच काढून टाकला. बीट, हळद, पॅप्रिका वापरायला लागले. एरिथ्रोसिन अमेरिकेनं जानेवारी २०२५ मध्ये खाण्यातून बाद केला, कंपन्यांना २०२७ पर्यंत मुदत दिली. आपल्याकडे १२७ अजून चालतो. म्हणजे रंग काढता येतो. कुणी काढायला लावलं की येतो.

आकडे ९५० च्या घरात असतील तर ते स्वीटनर: ९५१ अस्पार्टेम, ९५४ सॅकरिन, ९५५ सुक्रालोज. ‘शुगर-फ्री’ वाचून खूश होण्याआधी एवढं ऐका, जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सांगितलंय की वजन कमी करायला यांच्यावर विसंबू नका. यावर वेगळा भाग करू, आज काकाच्या गाडीवर परत जाऊ.

तर दोन दिवसांनी काका स्वतःच म्हणाला, “मग लाल करू कशानं, तूच सांग.” आणि उत्तर आमच्या गल्लीपासून पाच मिनिटांवर होतं. लालबागचा मसाला बाजार. एप्रिल-मेमध्ये तिथे गेलायत कधी? शिंका देत देत चालावं लागतं. वर्षाचा मसाला करणारी कुठलीही बाई तुम्हाला सांगेल, तिखटाला लवंगी नाहीतर संकेश्वरी आणि रंगाला बेडगी. बेडगी सुरकुतलेली असते, तिखट कमी, रंग गडद. माझी आई डंकावर मसाला कुटायला देताना बेडगी जास्त घ्यायची ती त्यासाठीच.

आम्ही बेडगी गरम पाण्यात भिजवली, लसणाबरोबर वाटली, तेलात परतली. वास असा सुटला की बाजूचा वडापाववाला बघायला आला. पण रंग? विटकरी. आणि तो वर तेलात तरंगला, खाली रस्सा तपकिरीच. कारण मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. म्हणून मिसळीचा कट लाल आणि खालचा रस्सा फिका असतो. पुडीतला रंग पाण्यात विरघळतो, म्हणून गाडीचं मंचुरियन आरपार एकसारखं लाल दिसतं. तुम्हाला ओळखायचं असेल तर ही एक खूण, पक्की चाचणी नव्हे. बीटही पाण्यात उतरतो, आम्ही तोही करून पाहिला, पण कढईच्या आचेवर तो मळकट झाला. शेजारच्या पोरानं विचारलं, “काका, आज गाजराचा हलवा आहे का?”

पहिल्या आठवड्यात गल्ला निम्म्यावर आला. नेहमीची पोरं येऊन विचारायची, जळलंय का, शिळं आहे का. एकानं प्लेट परत दिली. काका मला म्हणाला, “गिऱ्हाईक आधी डोळ्यांनी जेवतं गो बाय. तुझ्या पॉडकास्टवाल्यांना पाठव माझ्याकडे, बघू कोण खातंय.” आणि खर्चाचं विचाराल तर बेडगी किलोला काही शे रुपये, पुडी चिल्लरमध्ये. वर वाटायची मेहनत. प्लेटमागे पाच रुपये वाढवायचे म्हटले तर बाजूची गाडी आहेच, लाल आणि स्वस्त.

मग गणपती आले. लालबागमधले दहा दिवस म्हणजे काय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. काकाच्या वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा त्या दहा दिवसांत असतो. त्यानं माझ्याकडे न बघता डबा परत काढला. मी काही बोलले नाही. काय बोलणार? घरभाडं मी भरत नाही.

अनंत चतुर्दशीनंतर त्यानं आपणहून मंचुरियनमधला रंग पुन्हा बंद केला. गाडीवर पाटी लावली, ‘बेडगीचं मंचुरियन’. पाटी मी लिहिली, शुद्धलेखनाची जबाबदारी माझी. आता काही जण मुद्दाम तेच मागतात, एक बाई मुलाला घेऊन परळवरून येतात. गल्ला अजून पूर्वीएवढा नाही. लॉलीपॉप मात्र अजून लाल आहे. त्यावरून आमचं भांडण चालू आहे, आणि नियम माझ्या बाजूनं आहे, गिऱ्हाईक त्याच्या.

आज रात्री कुठल्या गाडीवर खाल्लंत तर निघताना मागे प्लेटा बुडवायची बादली असते तिच्यात डोकावा. पाणी कुठल्या रंगाचं आहे ते मला व्हॉइस नोटवर सांगा. गाडीवाल्याचं नाव नको, फक्त रंग. आमच्या काकाच्या बादलीत अजून थोडं गुलाबी येतं, लॉलीपॉपमुळे.

भेटू पुढच्या शुक्रवारी.